इंजिन का थांबले? : हलक्या विमानाच्या अपघाताची चौकशी आणि गावाची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग तेथील लोकांच्या बोलण्यात नेहमी येतात. मोताळा तालुका बहुतांशी घाटाखालचा आहे. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन, मध्ये नळगंगेचे धरण आणि पश्चिमेस जळगाव जिल्ह्याची हद्द अशी त्याची ठेवण आहे. या तालुक्यात विमानतळ नाही. त्यामुळे विमानाच्या अपघाताची चौकशी हा विषय मोताळ्याच्या पंचायत सदस्यास किंवा शिक्षकास दूरचा वाटणे स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. मुंबईच्या फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ साली झाली आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्या काळी उड्डाणाचे शिक्षण मोजक्या शहरांपुरते मर्यादित होते. पुढे धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक-प्रशिक्षण सुरू झाले. प्रशिक्षणार्थींना केवळ धावपट्टीभोवती घिरट्या घालून भागत नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लांब पल्ल्याची उड्डाणेही करावी लागतात. ती उड्डाणे शेते, डोंगर व गावे यांच्यावरूनच होतात, आणि अशा विमानाला काही झाले तर ते कोणाच्या तरी शिवारात उतरते.

दिनांक १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या परिसरातील डोंगराळ भागात एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले व प्रशिक्षणार्थी युवती जखमी झाली. तेथे प्रथम पोहोचले ते परिसरातील आदिवासी स्त्रीपुरुष. त्यांनी झोळी करून जखमी युवतीस अवघड वाटेने खाली आणले. दिनांक २५ जुलै २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. त्यात एकटीच असलेली प्रशिक्षणार्थी बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने १९ व २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांच्या आत कोसळली. या अपघातांची कारणे एकच होती असे नाही. परंतु पहिली मदत आणि पहिली साक्ष गावाकडून मिळते, ही गोष्ट अशा प्रसंगांत समान असते. म्हणूनच या चौकशीची पद्धत ग्रामीण भागातील जबाबदार व्यक्तींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

चौकशीचा हेतू

विमान अपघाताच्या चौकशीचे आंतरराष्ट्रीय सूत्र १९४४ सालच्या शिकागो करारातून आले. त्या कराराचे तेरावे परिशिष्ट १९५१ साली प्रथम स्वीकारण्यात आले. अपघात व गंभीर घटना यांना प्रतिबंध करणे एवढाच चौकशीचा उद्देश असून दोष किंवा उत्तरदायित्व वाटून देणे हा तिचा उद्देश नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने या तत्त्वास अनुसरून २०१२ साली विमान अपघात अन्वेषण ब्युरो ही स्वतंत्र यंत्रणा निर्माण केली. परवाने देणारे, नियम करणारे आणि तपासणी करणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यापासून ती वेगळी ठेवण्यामागे विचार आहे. अपघाताच्या कारणांत नियमाची किंवा तपासणीची उणीव असू शकते. ज्याचे काम तपासावयाचे त्याच्याच हाती तपास असू नये, हे तत्त्व ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षणाइतकेच येथेही लागू पडते.

याचा अर्थ निष्काळजीपणाला शिक्षा नाही असा नव्हे. गुन्ह्याचा तपास पोलीस करतात, भरपाईचे दावे न्यायालयात चालतात, परवान्यावरील कारवाई महासंचालनालय करते. अन्वेषण मात्र या सर्वांहून निराळे असते. आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्याविरुद्ध वापरली जाईल अशी भीती वाटल्यास मेकॅनिक, प्रशिक्षक वा विद्यार्थी खरी माहिती देण्यास कचरतील. मग उणीव तशीच राहील आणि पुढच्या उड्डाणात तिची किंमत दुसराच कोणी देईल.

इंजिनाला काय लागते?

लहान प्रशिक्षण विमानाचे पिस्टन इंजिन तत्त्वतः मोटारसायकलच्या किंवा पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाच्या इंजिनाहून फारसे वेगळे नसते. त्याला योग्य प्रमाणात इंधन, हवा, वेळेवर ठिणगी, वंगण आणि थंडावा लागतो. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली तर शक्ती घटते किंवा इंजिन थांबते. म्हणून चौकशी अधिकारी याच क्रमाने प्रश्न विचारीत जातो.

विमानात सुरक्षिततेसाठी काही गोष्टी दुहेरी असतात. बहुतेक इंजिनांत ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करीत असल्याने बॅटरी उतरली तरी इंजिन चालू राहते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून दुसरा तपासतो. इंधनाच्या बाबतीत असा दुहेरी आधार मर्यादित असतो. टाक्या दोन असल्या तरी इंजिनाकडे जाणारा अखेरचा मार्ग बहुधा एकच असतो.

येथे दोन प्रकारांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. टाकीतील इंधन संपणे हा एक प्रकार. टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे हा दुसरा. चावी भलत्याच टाकीवर राहणे, गाळणी तुंबणे, टाकीचे श्वासछिद्र कीटकांनी बुजविणे, इंधनात पाणी मिसळणे ही दुसऱ्या प्रकाराची कारणे होत. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. म्हणून उड्डाणापूर्वी तळाच्या तोटीतून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. विमानाच्या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो. खाली पाण्याचा थर दिसला किंवा रंग वेगळा आढळला तर उड्डाण होऊ नये, असा दंडक आहे.

इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे कोसळते, ही समजूत चुकीची आहे. प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे चार आसनी हलके विमान सुमारे १००० फूट म्हणजे ३०० मीटर उंचीवरून, वारा अनुकूल-प्रतिकूल नसताना, साधारणपणे अडीच किलोमीटरपर्यंत तरंगत जाऊ शकते. तेवढ्या अंतरात वैमानिकाने मोकळी जागा निवडावयाची असते. नुकतेच उड्डाण झाले असता आणि उंची कमी असता धावपट्टीकडे वळण्याचा मोह घातक ठरतो. वळताना उंची झपाट्याने जाते आणि वेग घटून विमान कोसळते. म्हणून समोरच्या बाजूस मिळेल त्या जागी उतरण्याचे शिक्षण दिले जाते. घाटाखालच्या सपाट शेतातही विहिरी, बांध, शेततळी आणि विजेच्या तारा असतात. वरून त्या तारा जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

मोडक्या विमानाची साक्ष

मोठ्या प्रवासी विमानात उड्डाणाची माहिती व वैमानिकांचे संभाषण नोंदविणारी उपकरणे असतात. बहुसंख्य हलक्या विमानांत ती नसतात. अलीकडच्या काही विमानांच्या दर्शनी पडद्यांत स्मृतिकार्ड असते. परंतु जेथे तेही नाही तेथे मोडलेले विमान आणि ज्या जमिनीवर ते पडले ती जमीन हीच मुख्य साक्ष होय.

पुढचा पंखा या दृष्टीने बोलका असतो. जमिनीला लागताना इंजिन जोरात फिरत असेल तर पंख्याची पाती पीळ पडून वाकतात आणि त्यांच्यावर आडवे ओरखडे उमटतात. इंजिन थांबलेले असेल तर बहुधा एक पाते मागे वाकते व दुसरे जवळजवळ सरळ राहते. स्पार्क प्लगची टोके काजळीने काळी असतील तर इंधनाचे प्रमाण जास्त झाल्याची शंका येते. ती फिकट पांढरट असतील तर इंधन कमी पडल्याची शक्यता तपासतात. इंजिन हाताने फिरवून आतील भाग एकमेकांशी जोडलेले आहेत का व सिलिंडरमध्ये दाब निर्माण होतो का, हे पाहतात. एखादा दांडा तुटलेला आढळला तर तुटीच्या पृष्ठभागावरील खुणांवरून, तो एका दणक्यात तुटला की बारीक चीर दिवसेंदिवस वाढत जाऊन तुटला, याचा निर्णय धातुतज्ज्ञ करू शकतो. पहिल्या स्थितीत तूट अपघाताचा परिणाम असू शकते, दुसऱ्यात ती कारण असू शकते.

शेतकऱ्याच्या नजरेला सहज येणारी एक खूण विशेष उपयोगी आहे. टाकी फुटून पेट्रोल पिकावर सांडले तर तेथील पाने करपतात. कपाशीचा किंवा सोयाबीनचा किती पट्टा करपला आहे, यावरून विमान पडले तेव्हा टाकीत इंधन होते की नव्हते याचा अंदाज बांधता येतो. एका पंखाखालचे पीक करपले आणि दुसऱ्या पंखाखालचे हिरवे राहिले, तर तोही एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. गर्दीने तो पट्टा तुडविला किंवा सहानुभूतीपोटी कोणी शेत साफ करून दिले, तर ही साक्ष कायमची नाहीशी होते.

वितळून जाणारा पुरावा

काही पुरावे कोणी हात न लावताही नाहीसे होतात. कार्बुरेटरमधील बर्फ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कार्बुरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद मार्गातून जाताना तापमान ३० अंश सेल्सियसहून अधिक खाली येऊ शकते. हवेत ओलावा असेल तर आतल्या आत बर्फ जमतो, हवेचा मार्ग आवळला जातो आणि इंजिन धापा टाकू लागते. बाहेर २१ अंशांखाली तापमान व ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता असता हा धोका सर्वाधिक असतो. मात्र बाहेर ३८ अंशांपर्यंत उष्णता आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही तो संभवतो. यावर उपाय म्हणून वैमानिकास गरम हवा आत सोडणारी मूठ दिलेली असते.

अपघातानंतर काही मिनिटांत तो बर्फ वितळतो. तपास करणाऱ्यास इंजिन निर्दोष आढळते, टाकीत इंधन असते, ठिणगीही मिळते. अशा वेळी हवामानाची त्या तासाची नोंद, गरम हवेच्या मुठीची स्थिती आणि ज्यांनी विमानाचा आवाज ऐकला त्यांचे निवेदन एवढ्यावरच निष्कर्ष अवलंबून राहतो. आवाज हळूहळू मंदावला, फटफट करीत अडखळला, की एकदम बंद पडला, हे शेतात निंदणी करणारी स्त्री किंवा गुराखी मुलगाच सांगू शकतो. म्हणून साक्षीदाराच्या शिक्षणावरून किंवा वयावरून त्याच्या सांगण्याचे मोल ठरवू नये.

एक बोधप्रद प्रकरण

दिनांक ५ मार्च २०१५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सांता मोनिका येथे चित्रपट अभिनेते हॅरिसन फोर्ड हे १९४२ सालच्या बनावटीचे जुने लष्करी प्रशिक्षण विमान चालवीत होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात, सुमारे ११०० फूट उंचीवर, इंजिनाची शक्ती गेली. विमानतळाकडे परतण्याइतकी उंची नाही हे ध्यानी येताच त्यांनी जवळच्या गोल्फच्या मैदानाकडे विमान वळविले. उतरताना ते झाडाच्या शेंड्यास लागून जमिनीवर आदळले. वैमानिकास गंभीर दुखापत झाली, परंतु जीव वाचला.

तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने इंजिन उघडले तेव्हा कार्बुरेटरमधील इंधनाचे प्रमाण राखणारी मुख्य नळी आपल्या बैठकीतून आटे सुटून निखळलेली आढळली. त्यामुळे इंजिनात गरजेपेक्षा फार अधिक इंधन जाऊ लागले होते. चौकशी येथे संपली असती तर ‘सुटा भाग निखळला’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. परंतु पुढचा प्रश्न विचारला गेला : तो भाग घट्ट आहे की नाही हे कोणी, केव्हा पाहावयाचे होते? कार्बुरेटरची जुळणी सुमारे १७ वर्षांपूर्वी झाली होती. त्याच्या देखभालीच्या पुस्तिकेत हा भाग वेळोवेळी तपासावा अशी सूचनाच नव्हती. देखभाल करणाऱ्याने पुस्तिका अक्षरशः पाळली असती तरी हा दोष सापडला नसता.

आणखी एक गोष्ट उघड झाली. मूळ विमानात खांद्यावरचा पट्टा नव्हता. तो नंतर बसविण्यात आला होता. मात्र आसनाच्या पाठीमागील पातळ पत्र्याला पुरेसा आधार न देता तो जोडलेला होता. धक्क्यासरशी तो उपटून आला व दुखापत वाढली. इंजिन का थांबले या प्रश्नाबरोबरच, इंजिन थांबल्यावर माणूस अधिक सुरक्षित का राहिला नाही, हाही चौकशीचाच प्रश्न आहे, हे यावरून दिसून येईल.

यंत्रामागील माणूस आणि माणसामागील व्यवस्था

इंजिन थांबण्याचे कारण नेहमी इंजिनातच असते असे नाही. अमेरिकेच्या याच मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील अपघातांचा आढावा घेतला, तेव्हा इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे दरवर्षी सरासरी ५० हून अधिक अपघात झाल्याचे आढळले. त्यांपैकी ५६ टक्के प्रसंगी इंधन संपले होते आणि ३५ टक्के प्रसंगी ते विमानात असूनही इंजिनापर्यंत पोहोचले नव्हते. अशा अपघातांत उपकरणातील बिघाडाचा वाटा केवळ ५ टक्क्यांच्या आसपास होता. उरलेल्यांत माणसाची कृती किंवा निर्णय कारणीभूत होता.

हे आकडे वाचून ‘म्हणजे वैमानिकाचीच चूक’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण त्याने पुढचा अपघात टळत नाही. इंधन प्रत्यक्ष मोजले होते की काट्यावर विश्वास ठेवला? आधीच्या उड्डाणानंतर टाकी भरल्याची नोंद कोणी केली? विद्यार्थ्यास एकट्याने पाठविण्यापूर्वी इंजिन बंद पडण्याचा सराव पुरेसा झाला होता का? अनेक लहान विमान-इंजिनांना उत्पादकांनी सुमारे २००० तासांनंतर संपूर्ण दुरुस्ती सुचविलेली असते आणि मधल्या काळात ठराविक तासांनी तेल बदलणे व तपासणी करणे आवश्यक असते. ते तास खरे लिहिले जात होते का? बारामतीजवळील २०२३ च्या दोन अपघातांनंतर महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवून तिच्या कामकाजाची तपासणी केली. एका विमानाकडून संस्थेच्या कार्यपद्धतीकडे लक्ष वळविण्याची ही रीत योग्य दिशेची होय.

‘काय घडले’ आणि ‘का घडले’ यांतील अंतर अहमदाबाद येथील अपघाताने सर्व देशाला दाखविले. ते मोठे प्रवासी विमान होते, तरी प्रश्न इंजिने बंद पडण्याचाच होता. दिनांक १२ जून २०२५ च्या त्या दुर्घटनेत विमानातील व जमिनीवरील मिळून २६० जणांचे प्राण गेले. अपघातानंतर सुमारे महिनाभरात प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात, उड्डाण होताच दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एकापाठोपाठ बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. त्या का गेल्या, याचा निष्कर्ष त्या अहवालाने काढला नव्हता. तरीही अनेकांनी तो स्वतःच काढून टाकला. प्राथमिक अहवाल साधारणपणे ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. या दोहोंमधील काळ हा धीर धरण्याचा असतो.

बुलढाणा जिल्ह्यालाही याचा कटु अनुभव आहे. दिनांक १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा नजीक खासगी प्रवासी बसला अपघात होऊन २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने अपघात झाला असे आरंभी सांगण्यात आले व ते सर्वत्र पसरले. परिवहन अधिकाऱ्यांच्या प्राथमिक पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा रस्त्यावर आढळला नाही. पहिले सांगणे लोकांच्या मनात घट्ट बसते आणि नंतरचा तपास त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हा धोका रस्त्यावरच्या व आकाशातल्या दोन्ही अपघातांना सारखाच आहे.

मोताळा तालुक्यात विमान उतरले तर

समजा, मोताळा तालुक्यातील एखाद्या शिवारात हलके विमान उतरले किंवा कोसळले. अशा वेळी गावाने काय करावे? पहिले कर्तव्य निःसंशय जीव वाचविण्याचे आहे. त्यापुढे कोणताही पुरावा मोठा नाही. ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विडी, सिगारेट, काडी पेटवू देऊ नये. कारण विमानाचे इंधन पेट्रोलच असते. विजेची तार तुटली असेल तर वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये.

थांबलेल्या पंख्याला कोणीही हात लावू नये. मॅग्नेटोमुळे तो हलताच इंजिन क्षणभर पेटून पाते फिरू शकते आणि जवळच्याचा हात किंवा प्राण जाऊ शकतो. काही आधुनिक हलक्या विमानांत संपूर्ण विमानासाठी हवाईछत्री असते व ती लहान अग्निबाणाने बाहेर फेकली जाते. विमानाच्या अंगावर तशी धोक्याची सूचना दिसल्यास त्या भागापासून दूर राहावे व तेथे कापाकापी करू नये.

जखमींना हलविल्यानंतर विमानाचे भाग होते तेथेच राहू द्यावेत. अडकलेली माणसे वा जनावरे सोडविणे, आग आटोक्यात आणणे किंवा लोकांना असलेला धोका दूर करणे एवढ्यासाठीच विमान हलविण्याची मुभा नियमांत असते. सुटकेसाठी काही कापावे वा सरकवावे लागले, तर ते कोठे होते व कोणी हलविले याची नोंद ठेवावी. आतील कळा, मुठी व चाव्या यांना स्पर्श करू नये. वैमानिकास बाहेर काढणाऱ्याने एखादी चावी बंद केली असेल, तर ती गोष्ट न लपविता सांगावी. ती न कळल्यास तपास भलत्याच दिशेला जाऊ शकतो.

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेल्या पोलीस पाटलांनी पोलीस येईपर्यंत दोरी बांधून गर्दी दूर ठेवावी. सरपंचांनी विश्वासू तरुणांच्या पाळ्या लावाव्यात. लहानसा तुकडाही आठवण म्हणून घरी नेला जाऊ नये. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर काय झाकावे हे पोलिसांना विचारून ठरवावे. तोवर वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. ज्यांच्या भ्रमणध्वनीत चित्रफीत आहे त्यांनी मूळ फीत जपून अधिकाऱ्यांना द्यावी. जखमींची चित्रे गावोगाव पसरवू नयेत.

प्रत्यक्षदर्शींनी एकमेकांशी चर्चा करण्यापूर्वी आपापले निवेदन लिहिले, तर ते अधिक विश्वसनीय असते. चावडीवर दहा जणांचे बोलणे झाले की दहा आठवणींची एकच गोष्ट बनते. गावातील शिक्षक येथे मोलाची मदत करू शकतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत, आपली भर न घालता, वेळ व जागा नमूद करून लिहून घ्यावेत. ‘इंजिन बंद पडले’ हा निष्कर्ष आहे. ‘आवाज थांबला, मग विमान लिंबाच्या मागे गेले’ ही साक्ष आहे.

ज्याच्या शेतात हे घडले त्या शेतकऱ्याचाही विचार झाला पाहिजे. तपास पुरा होईपर्यंत त्याला त्या जागी वखर घालता येत नाही. गर्दीने पीक तुडविले जाते, सांडलेल्या इंधनाने माती खराब होते. महसूल यंत्रणेने त्याच्या नुकसानीचा पंचनामा स्वतंत्रपणे व वेळेवर करणे न्यायाचे ठरेल. अन्यथा पुरावा राखण्याचा भार एकट्या त्याच्यावर पडेल आणि शेत लवकर मोकळे करण्याची घाई त्याला होणे साहजिक आहे.

रोजच्या कामात उपयोग

ही पद्धत विमानाची वाट पाहत थांबण्याची नाही. नळयोजनेचा पंप वारंवार जळतो, शाळेची गाडी घाटात बंद पडते, फवारणी पंपाचा पट्टा तुटून औषध अंगावर सांडते. अशा वेळी ‘चालकाची चूक’ किंवा ‘माल हलका’ असे म्हणून प्रकरण मिटविण्याची सवय सर्वत्र आढळते. त्याऐवजी जळालेला भाग फेकून न देता ठेवावा, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली ते नोंदवहीत पाहावे, विजेचा दाब त्या वेळी किती होता ते विचारावे आणि ज्याच्या हातून घटना घडली त्याला निर्भयपणे बोलू द्यावे. पंप तीन वेळा जळूनही नोंदवहीत एकच ओळ सापडत असेल, तर चौथ्या वेळी पंपाबरोबर नोंदवहीचीही दुरुस्ती करावयास हवी.

माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या तासाला या विषयाचा चांगला उपयोग होईल. काचेच्या भांड्यात पाणी आणि खाद्यतेल एकत्र ओतून जड द्रव तळाशी कसा साचतो, हे दाखविता येते. कागदी विमान एकाच उंचीवरून सरळ व वळणाने सोडून कोणते अधिक लांब जाते, हे मुलांना मोजू द्यावे. वर्गात एखादी छोटी घटना घडवून प्रत्येकाने काय पाहिले ते स्वतंत्रपणे लिहावयास सांगावे आणि मग सर्व निवेदने ताडून पाहावीत. निरीक्षण व तर्क यांतील भेद या एका तासात मुलांच्या ध्यानी येतो.

अभ्यासमंडळात व ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. दोष ठरविणारी चौकशी आणि प्रतिबंधासाठी केलेले अन्वेषण यांत फरक कोणता? दोन्ही वेगळ्या ठेवल्याने काय साधते व कोणती अडचण येऊ शकते?

२. एखाद्या भागाची तपासणी करावी असे पुस्तिकेत लिहिलेलेच नसेल, तर तो निखळल्याची जबाबदारी कोणाची? आपल्या गावातील कोणत्या यंत्राची अशी अलिखित तपासणी राहून गेली आहे?

३. इंजिन निर्दोष आढळले, टाकीत इंधन आहे, तरीही शक्ती गेली होती. अशा वेळी कोणाकोणाकडे कोणती माहिती मागावी?

४. आपल्या शिवारात विमान पडल्यास पहिल्या अर्ध्या तासात कोणी काय करावयाचे, हे गावात ठरलेले आहे काय? पोलीस पाटील गावात नसतील तर जबाबदारी कोणाची?

५. पुरावा राखण्यासाठी ज्या शेतकऱ्याचे शेत अडून राहते, त्याची भरपाई कोणी व कशी द्यावी?

६. गावात गेल्या वर्षात बंद पडलेल्या एका यंत्राची निवड करावी. ते का बंद पडले याचे कारण त्या वेळी काय सांगितले गेले, त्याला पुरावा कोणता होता आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून नंतर काय बदलले, हे लिहून काढावे.